परसदारी सिलिका : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरे

मागच्या अंकात दुधी-काकडीवरच्या भुरीबद्दल, म्हणजे पाने पांढरी करणाऱ्या बुरशीबद्दल, लिहिताना मी पोटॅशियम सिलिकेटचा, म्हणजे झाडाला सिलिका देणाऱ्या द्रावणाचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर एवढी पत्रे आली की जायांच्या कळ्या आणि माडावरचा भुंगा पुढच्या अंकावर ढकलावा लागला. पत्रांतला मजकूर थोडा छाटला आहे, अर्थ तोच ठेवला आहे.

बाई, दुकानातली सिलिकाची बाटली महाग पडते. कॉस्टिक पोटॅश आणि सिलिका जेल घेऊन ती घरी करता येते असे ऐकले. प्रमाण सांगाल का? जितकी घट्ट होईल तितकी हवी, म्हणजे वर्षभर पुरेल. (डिचोली)

करता येते. रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला विचारलेत, तेव्हा प्रमाणही मिळेल. पण ‘घट्ट हवी’ हे आधी डोक्यातून काढा. झाडाची मुळे सिलिका घेतात ती एकाच रूपात, मोनोसिलिसिक आम्लाचे सुटे रेणू म्हणून. साध्या पाण्यात हे रेणू सुटे राहतात ते लिटरला १०० ते १२० मिलिग्रॅम सिलिका असेपर्यंत. त्यापुढे गेलात आणि पाण्याचा सामू (पीएच) नऊच्या खाली असला, की रेणू एकमेकांना धरू लागतात आणि त्याचे जेल होते. जेल मुळाच्या काही कामाचे नाही. बाटलीत सिलिका घट्ट राहते ती तिथला सामू अकरा-बाराच्या घरात असतो म्हणून. तेव्हा बाटली कितीही कडक करा, मुळाशी जायचे पाणी तेवढेच पातळ असणार. वर जास्त कडक बाटली हाताळायला जास्त धोक्याची.

आता प्रमाण. एक लिटर तयार द्रावणासाठी १०० ग्रॅम कॉस्टिक पोटॅशच्या पापड्या आणि १०० ग्रॅम सिलिका जेल. पापड्या शंभर टक्के शुद्ध नसतात, साधारण ८५ ते ९० टक्के असतात, ते या हिशेबात धरले आहे. जेल पांढरे किंवा पारदर्शक दाण्यांचेच घ्या. पावसात कॅमेऱ्याला बुरशी येऊ नये म्हणून आपण जे डब्यात टाकतो, तेच हे. निळे दाणे नकोत, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असते. रंगीत कुठलेच नकोत. आणि जूनपासून उघड्या पुडीत पडलेले जेल वजनाच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी पिऊन बसलेले असते, ते मंद आचेवर परतून, निववून मग तोला.

कॉस्टिक पोटॅश विकत घेताना डबा वाचा. नुसते ‘कॉस्टिक’ मागितले की दुकानदार कॉस्टिक सोडा काढून देतो, कारण त्याच्याकडे रोज तोच खपतो. सोड्याने सोडियम सिलिकेट होते. ते दिसायला अगदी तसेच, पण त्यातला सोडियम कुंडीत साठत जातो. पणजी-मडगावात शाळा-कॉलेजांना रसायने पुरवणारी दुकाने आहेत, तिथे पोटॅशियम हायड्रॉक्साइड असे पूर्ण नाव सांगून घ्या.

भांडे स्टीलचे. अ‍ॅल्युमिनियमचा टोप अजिबात नको. कॉस्टिक त्याला खाते आणि हायड्रोजन सुटतो, तोही पेट घेणारा. टोपात अर्धा लिटर पाणी आधी घ्या, पावसाचे किंवा डिस्टिल्ड. मग पापड्या चमच्या-चमच्याने पाण्यात सोडा. पापड्यांवर पाणी कधीच ओतायचे नाही. टोप गॅसवर नसतानाही हाताला चटका बसेल इतका तापतो, मग नवख्या माणसाला वाटते काही बिघडले. बिघडलेले नसते. गरम आहे तोवर जेलचे दाणे चिमूट-चिमूट घाला. ते तडतडतात, फुटतात आणि द्रावण वर उडते. हे सगळे ज्या क्षणी घडते, त्या क्षणी तोंड टोपावर नको. सगळे दाणे गेले की मंद आचेवर, उकळी न आणता, स्टीलच्या दांड्याने ढवळत राहा. तासाभराने, कधी त्याहून उशिरा, दाणे दिसेनासे होतात आणि द्रावण किंचित दाट, जवळपास पारदर्शक होते. आटलेले पाणी मधूनमधून भरा. निवल्यावर एक लिटर करा आणि गाळ असला तर नायलॉनच्या कापडातून गाळा.

डोळ्यांवर लॅबचा गॉगल, हातांत रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे जुने कपडे. काम अंगणात, पोरे आणि मांजरे घरात. डोळ्यात थेंब गेलाच तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा उघडा धरून धुवायचा आणि थेट इस्पितळ गाठायचे. आम्लाने अल्कली मारू असे म्हणून डोळ्यात लिंबू पिळायला निघालेली शहाणी माणसे मी पाहिली आहेत.

साठवायला जाड प्लॅस्टिकचा कॅन घ्या. काचेच्या बाटलीचे झाकण सिलिकेटने असे चिकटते की मग बाटलीच फोडावी लागते. आणि आपल्याकडे घरोघरी रिकाम्या असतात त्या फेणीच्या बाटल्यांत हे भरू नका. द्रावण पाण्यासारखेच दिसते, आणि संध्याकाळी कोण कुठली बाटली उचलील याचा नेम नसतो. कॅनवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा.

वापर. या बाटलीत लिटरला १०० ग्रॅम सिलिका आहे, म्हणजे एक लिटर पाण्याला एक मिलिलिटर घेतले की १०० मिलिग्रॅम झाली. वर सांगितलेल्या मर्यादेच्या आतच. सोबत साधारण ६० मिलिग्रॅम पोटॅशियमही जाते, तेव्हा त्या आठवड्यात पोटॅशचे दुसरे खत कमी करा. आधी सिलिकेट पाण्यात घालून नीट ढवळायचे, मग सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराण्यातले लिंबूफूल, चिमटीने टाकत सामू सहा-साडेसहावर आणायचा. पट्टीचे कागद स्वस्त मिळतात, अंदाजपंचे करू नका. सामू उतरवलेले पाणी त्याच दिवशी संपवा. पंधरवड्याने एकदा द्यायचे आणि देत राहायचे, कारण पानात एकदा बसलेली सिलिका तिथून हलत नाही. नव्या पानाला नवीच लागते.

पानावर फवारायची गोष्ट वेगळी. सिलिका ओढून घेणारी यंत्रणा मुळात असते, पानात नाही. मुळातून गेलेली सिलिका पानाच्या पेशींत बसते आणि बुरशी शिरू लागली की झाडाचा स्वतःचा प्रतिकारही लवकर जागा करते. फवारलेली सिलिका पानावर थर देऊन बुरशीला अडवते, एवढेच. थर हवा म्हणून ती जास्त लागते, लिटरला ५ ते १० मिलिलिटर, आणि इतक्या घट्ट पाण्याचा सामू उतरवायचा नाही, नाहीतर पंपातच जेल होईल. पाचपासून सुरुवात करा, आधी दोन-चार जुन्या पानांवर मारून दोन दिवस बघा, फवारणी उन्हे उतरल्यावर करा. पाने पांढरी पडून गेल्यावर मात्र सिलिकाने भुरी जात नाही. तेव्हा पाण्यात मिसळणारे गंधक मारा, तेही कडक उन्हात नको, काकडीवर्गातल्या वेलींना सोसत नाही.

सिलिकेट, कॅल्शियम नायट्रेट आणि एप्सम सॉल्ट एकाच बादलीत घातले. दूध फाटावे तसे झाले. बाटली खराब निघाली का? (पेडणे)

बाटली चांगली आहे, बादलीतली सोबत वाईट. कॅल्शियम आणि एप्सम सॉल्टमधले मॅग्नेशियम दोघेही सिलिकेटला पकडून तळाशी बसतात. तुमची सिलिका गेली, कॅल्शियमही गेले, आणि पंपाची जाळी तुंबली ती वेगळीच. दोन खतांमध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या. बोर्डो मिश्रणाबरोबरही नको, आणि ट्रायकोडर्मा-सुडोमोनास या उपयोगी बुरशी-जिवाणूंच्या बादलीत तर मुळीच नको, तो सामू त्या जिवांना मारतो. तुमच्याकडे ठिबक असेल तर सिलिकेट त्यातून सोडूच नका, झारीने घाला.

आमच्या शेजारी उकड्या तांदळाची गिरण आहे. बॉयलरला तुसेच घालतात आणि राखेचे ढीग पडतात, फुकट नेता येते. त्या राखेत सिलिका असते म्हणतात. बाटली करण्यापेक्षा ती वापरली तर? (फोंडा तालुका)

हे पत्र वाचून मला फार बरे वाटले. शंभर किलो भात सडले की वीसेक किलो तुसे निघतात. ती जाळली की चार किलोच्या आसपास राख, आणि त्या राखेतला ८५ ते ९५ टक्के भाग सिलिका. म्हणजे एका क्विंटल भाताच्या तुसांत साडेतीन किलो सिलिका, वरच्या घरगुती बाटल्यांच्या हिशेबाने पस्तीस बाटल्या. गिरणवाला तुम्हांला ती घेऊन जा म्हणतो आहे.

फक्त राख बघून घ्या. तुसे साधारण ७०० अंशांच्या खाली जळली तर सिलिका अस्फटिक राहते, हळूहळू का होईना विरघळते. आच त्याहून चढून बराच वेळ टिकली की तीच सिलिका स्फटिक होऊन बसते आणि मग विरघळायचे नाव घेत नाही. डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, पण काळपट, कोळसा शिल्लक असलेली राख सहसा कामाची. पांढरी शुभ्र किंवा गुलाबी छटेची, बोटांत खरखरणारी राख मी तरी उचलत नाही. स्फटिक सिलिकाची धूळ फुप्फुसांत जाणे वाईट, सिलिकोसिस त्यानेच होतो. कुठलीही राख उचलताना ती आधी ओली करा आणि तोंडाला चांगला मास्क बांधा. वाऱ्याच्या दिवशी टोपलीने उधळू नका.

आपल्या जमिनीला ही राख दुहेरी उपयोगाची आहे. आपली जमीन जांभ्याची, आणि जांभा तयार होतो तोच मुळी सिलिका वाहून जाऊन. लाखो वर्षे पाऊस खडकातली सिलिका धुऊन नेतो आणि लोखंड-अ‍ॅल्युमिनियम मागे राहते, म्हणून माती तांबडी आणि आंबट. राख सिलिका परत देते आणि थोडी अल्कली असल्याने आंबटपणाही कमी करते. वेलींच्या आळ्यात ओंजळभर राख शेणखताबरोबर मिसळा, वर पालापाचोळा टाका. बाटलीसारखा चटकन परिणाम दिसणार नाही, राख आपल्या गतीने विरघळते. कुंडीत एवढी थांबायची सवड नसते, तिथे बाटली बरी. कुळागरात (नारळ-पोफळीच्या बागेत) आणि वाफ्यात मी राखेच्याच बाजूची.

याच राखेपासून बाटलीही करता येते. जेलऐवजी १२० ग्रॅम काळी राख घालून तसेच शिजवा. पण कोळसा गाळता गाळता जीव जातो आणि द्रावण तपकिरी निघते. झाडाला रंगाचे काही नाही.

आमचे दिवाडीला खाजन, म्हणजे खाडीकाठचे बांध घातलेले, शेत आहे. मानशीचे, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या झडपेचे, दार नादुरुस्त झाले की खारे पाणी आत येते. सिलिकाने भात खार सोसते असे वाचले. किती बाटल्या लागतील? (तिसवाडी)

वाचलेत ते खरे आहे. सिलिका मुळाच्या आवरणांत बसली की सोडियमला आडवाटेने शिरायला जागा कमी राहते, भातात हे चांगले तपासले गेले आहे. भात हे सिलिका खाणारेच पीक. पात्यावरून बोट उलटे फिरवा, कापते. ती धार सिलिकाची. ओकायामा विद्यापीठात जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये भाताच्या मुळात सिलिका आत घेणारे जनुक शोधून काढले. जपानने तर १९५५ मध्येच भातासाठी सिलिकेट खताला मान्यता दिली होती.

पण बाटल्यांचे गणित जमत नाही. हेक्टरी पाच टन पिकणारे भात जमिनीतून २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलते. घरच्या एका बाटलीतल्या १०० ग्रॅम सिलिकात सिलिकॉन ४७ ग्रॅम. शेताला बाटली लावणे म्हणजे निव्वळ खर्च. शेतातली सिलिका जाते कुठे ते बघा. दाण्यात थोडीच, बहुतेक पेंढ्यात आणि तुसांत. पेंढा गुरांना घातलात तर ती शेणातून बाहेर येते, ते शेण शेतात परत गेले पाहिजे. पेंढा विकलात तर सिलिकाही विकलीत. म्हणून तुसांची राख आणि शेणखत हाच तुमचा सिलिकाचा पुरवठा. मानस दुरुस्त होईपर्यंत मात्र कशानेच फार फरक पडणार नाही. जूनच्या पावसाने खार धुऊन गेल्याशिवाय पेरू नका, हे तुमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेच असेल. कोरगूट, म्हणजे खार सोसणारे जुने भात, पेरत असाल तर ते टिकवा. जास्त उतारा हवा असेल तर जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी काढलेल्या गोवा धान जातींची चौकशी करा.

मी अकरावी सायन्सला आहे. प्रोजेक्टसाठी नारळाच्या सोडणांची राख पाण्यात उकळून त्यात समुद्राची वाळू घालून पोटॅशियम सिलिकेट करायचा विचार आहे. होईल का, बाई? (वाळपई)

विचार सुरेख आहे, वाळू मात्र दगा देईल. वाळू म्हणजे क्वार्ट्‌झ, पक्की स्फटिक सिलिका. कारखान्यात ती पोटॅशबरोबर हजार अंशांवरच्या भट्टीत वितळवतात तेव्हा कुठे सिलिकेट होते. तू टोपात दिवसभर उकळलीस तरी वाळू वाळूच राहील. सोडणांच्या राखेत पोटॅश भरपूर असते हे तुझे बरोबर, पण ते असते पोटॅशियम कार्बोनेटच्या रूपात. ते सौम्य. राखेचे निवळ पाणी घेऊन त्यात विझवलेला चुना घातलास तर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसेल आणि वर कॉस्टिक पोटॅशचे पाणी राहील. जुन्या काळी साबण करणारे हेच करत. ते नीट निवळू दे, चुना राहिला तर तो पुढे सिलिकेटला धरून बसवील.

तुझ्या जागी मी प्रोजेक्ट थोडा वळवला असता. वाळू, गिरणीची काळी राख आणि पांढरी राख, तिघांचे सारखे वजन घे, एकाच ताकदीच्या कॉस्टिक पोटॅशमध्ये सारखा वेळ तापव, गाळ, धू, वाळव आणि काय उरले ते तोल. काळ्या राखेतला कोळसा विरघळत नाही, तो वजनात राहील, त्याचा हिशेब कसा करायचा हे तूच शोध. परीक्षक हमखास तिथेच विचारतील. हे सगळे शाळेच्या लॅबमध्ये, टीचर शेजारी उभ्या असताना. घरी नाही.

खोला गावच्या मिरचीला आणि टोमॅटोला सिलिका किती द्यावी? (काणकोण)

देऊ नका. दोन्ही पिके मुळातून सिलिका फारशी घेतच नाहीत, टोमॅटो तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. भात, ऊस, काकडी, दुधी यांना द्या. मिरचीला तुमची परंपरागत डोंगरउतारावरची जमीन आणि शेणखत पुरे आहे.

सिलिका द्यायला लागल्यापासून तवशांवर (काकड्यांवर) पांढरी पूड दिसते. भुरी फळावर उतरली का? (सांगे)

पाने स्वच्छ आहेत ना? मग ती भुरी नाही. काकडीच्या सालीवरची ती पूड बहुतांशी सिलिकाचीच असते, काकडी ती आपणहून बाहेर टाकते. जपानात गिऱ्हाइकाला चकचकीत काकडी हवी म्हणून फळावर पूड येऊ न देणाऱ्या भोपळ्याच्या खुंटावर काकडीची कलमे करू लागले. ते खुंट सिलिका कमी घेतात, त्यामुळे पूड गेली, पण त्या वेलींवर भुरी जास्त येऊ लागली. तुमची तवशी फडक्याने पुसा आणि तवसाळीला, म्हणजे काकडीच्या केकला, घ्या. चतुर्थीला माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळा-भाज्यांच्या मांडवीला, बांधायची असतील तर पुसायचीही गरज नाही.

फवारताना खिडकीच्या काचांवर शिंतोडे उडाले, आता पांढरे डाग जात नाहीत. व्हिनेगरने निघतील? (म्हापसे)

नाही निघणार. सिलिकेट काचेवर वाळले की काचेलाच धरते, कारण दोघांची जात एकच. व्हिनेगर, लिंबू, साबण, कशालाही ते दाद देत नाही, आणि ब्लेडने खरवडलेत तर चरे पडतील. पुढच्या वेळी फवारण्याआधी काचांवर ओले फडके टाका आणि शिंतोडा उडालाच तर ओला असतानाच पाण्याने धुवा. अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या काचेलाही हेच लागू.